शेउंग वानच्या गल्ल्या: बचनाग, प्लेग आणि चोवीस चवींचा काढा

हाँगकाँगला जाऊन डिस्नेलँडचं तोंडही न बघता परत आलेली तूच एक, असं माझा आतेभाऊ मला अजून ऐकवतो. तो तिकडे बरीच वर्षं नोकरीला आहे, पाहुणे आले की पीक ट्राम, मोठा बुद्ध, डिस्नेलँड असं ठरलेलं पॅकेज फिरवून आणतो. मी फार्मसी कॉलेजात झाडपाला ओळखायला शिकवते, फार्माकोग्नोसी म्हणतात त्याला, त्यामुळे मी आधीच सांगून ठेवलं होतं की दादा मला एक अख्खा दिवस शेउंग वानला, त्या जुन्या भागात, सोड. "अगं तिकडे काय आहे, सुकवलेले मासे आणि म्हाताऱ्यांची दुकानं!" बरोबर, तेच तर बघायचं होतं.

डिंग डिंग म्हणतात ती दुमजली ट्राम पकडून गेलो. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर मेट्रोच्या नादाला लागूच नका. सुकटीचा वास आला की समजायचं स्टॉप जवळ आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुके शिंपले, सुके मासे, शार्कचे पर. तिथून आत वळलं की को शिंग स्ट्रीट. चिनी औषधांचा घाऊक बाजार इथे पिढ्यान् पिढ्या आहे. गल्ली तशी छोटीच, फुटपाथवर गोण्या उतरवणं चालू, एक माणूस स्टुलावर बसून कसल्यातरी मुळ्यांच्या चकत्या पाडत होता. आणि वास! मातीचा, ज्येष्ठमधाचा, थोडा कुबट, थोडा गोड. दादाने नाकाला रुमाल लावला, मी मात्र मनात एकेक नाव लावत चालले होते. दालचिनी, सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, पिंपळी, मंजिष्ठा. हो, हे सगळं चिनी औषधांतही आहे, हिरडा आणि पिंपळी तर फार जुन्या काळापासून. मग मधेच काड्यांवर ताणून वाळवलेल्या पाली दिसतात, जोडीजोडीने बांधलेल्या, शेजारी सिकाडा नावाच्या किड्याच्या पोकळ कातींचं टोपलं, आणि आपण परमुलखात आहोत हे लक्षात येतं.

एका किरकोळ दुकानात शिरलो. मागची सगळी भिंत लाकडी ड्रॉवरची, एका ड्रॉवरमधे तीन-चार कप्पे, आणि बऱ्याच ड्रॉवरवर नाव नाही. म्हातारेबुवा न बघता हात घालून बरोबर तेच काढत होते. एका बाईने डॉक्टरची चिठ्ठी दिली होती. त्यांनी काउंटरवर कागद पसरले, काडीसारखा दांडा असलेला छोटा हातकाटा घेतला, एका बोटाने दोरा पुढेमागे सरकवत एकेक वस्तू तोलली, एकदाच एकत्र तोलायची आणि मग अंदाजाने सगळ्या कागदांवर सारखी वाटायची. ते बघताना माझ्यातली मास्तरीण अस्वस्थ झाली, डोस असा नजरेने वाटतात का! वजन तिथे अजून जुन्या मापात चालतं, लेउंग म्हणजे साधारण 37.8 ग्रॅम आणि त्याचा दहावा भाग वेगळा. मेनलँड चायनात तो दहावा भाग 3 ग्रॅमचा धरतात, हाँगकाँगमधे 3.78, म्हणजे एकच चिठ्ठी सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे नेली तर डोसात चांगला पंचवीसेक टक्के फरक. साध्या औषधाला काही होत नाही हो, पण बचनागासारख्या जहाल विषारी मुळीला होतं.

बचनागाचं मी मुद्दाम विचारलं, दादाच्या मोडक्या कँटोनीजमधून. म्हातारेबुवांनी आधी माझ्याकडे, मग दादाकडे बघितलं आणि एका बरणीतून काळपट, चकाकत्या, जरा पारदर्शक चकत्या काढून दाखवल्या. ही फू ची, बचनागाच्या कुळातलीच मुळी, पण प्रक्रिया केलेली. मिठागरात मीठ काढून झाल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात भिजवतात, उकळतात, चकत्या करतात, पुन्हा भिजवतात. त्याने ॲकोनिटीन हे जहाल द्रव्य तुटून त्याची बरीच कमी विषारी रूपं होतात. आपल्याकडे वैद्य बचनाग गोमूत्रात भिजवतात, दुधात उकळतात आणि त्याला शोधन म्हणतात, केमिस्ट्री बरीचशी तीच. कच्ची मुळी मागितली तर म्हातारेबुवांनी जोरजोरात हात हलवला. ती नुसती मागून मिळत नाही.

आणि इथे मला हाँगकाँगचं कौतुक वाटतं. 1999 च्या चायनीज मेडिसिन कायद्यात दोन याद्या आहेत. दुसरीत नेहमीची 574 औषधं, पहिलीत 31 विषारी, जी रजिस्टर्ड वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्या 31 ची यादी वाचली तर कुठल्याही आयुर्वेदवाल्याला घरच्यासारखं वाटेल: कच्चा बचनाग, कुचला, धोतऱ्याची फुलं, सोमल म्हणजे आर्सेनिक. हा कायदा काही कुणाला हौस आली म्हणून झालेला नाही. 1989 मधे एका मुळीच्या जागी भलतीच मुळी, पोडोफायलम, लोकांच्या काढ्यात गेली आणि गंभीर विषबाधा झाली. (हिमालयातली आपली वनककडी ती हीच.) त्याच वर्षी सरकारने अभ्यासगट नेमला आणि कायदा यायला पुढे दहा वर्षं लागली.

मुळ्यांची अशी अदलाबदल किती महागात पडते हे जगाला कळलं ते बेल्जियममधे. ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमधे दिलेल्या गोळ्यांत एका फांगचीच्या जागी दुसरी फांगची गेली. नावं जवळपास सारखी, झाडं पार वेगळी. दुसरीत ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. 1993 मधे पहिल्या केसेस छापून आल्या, पुढे शंभरहून जास्त जणांच्या किडन्या खराब झाल्या, कित्येकांना नंतर मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले. हाँगकाँगने 2004 मधे असल्या वनस्पतींवर बंदी घातली. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच कुळातली आहे हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मागच्या बेंचवरून "पण मॅडम नॅचरल आहे ना" असं येतंच.

मग चढ. शेउंग वानला सपाट जमीन किनाऱ्यापुरतीच, बाकी सगळं पायऱ्या आणि चढ. हॉलीवूड रोड ओलांडून पो यान स्ट्रीटवर तुंग वा हॉस्पिटल आहे. आत्ता मोठं, पण अगदी नेहमीचं हॉस्पिटल दिसतं, शेजारून गेलात तर लक्षही जाणार नाही. पण याच्याइतकं इंटरेस्टिंग हॉस्पिटल मी तरी बघितलेलं नाही. जवळच ताई पिंग शान स्ट्रीटवर एक छोटं देऊळ आहे, परगावी मेलेल्या चिनी माणसांच्या पाट्या ठेवायला बांधलेलं. गरीब मजूर मरायला टेकले की त्यांना तिथेच आणून टाकायचे, मेलेले आणि मरणारे एकाच खोलीत. 1869 मधे हे बाहेर आलं, बोंबाबोंब झाली. इंग्रजांचं सरकारी हॉस्पिटल होतं की, पण चिनी माणूस तिथे पाय ठेवायला तयार नव्हता. शेवटी चिनी व्यापाऱ्यांनी पैसे जमवले, सरकारने 1870 मधे कायदा केला आणि 1872 मधे तुंग वा सुरू झालं, फुकट आणि फक्त चिनी औषधं देणारं.

ते बावीस वर्षं नीट चाललं आणि मे 1894 मधे प्लेग आला. ताई पिंग शान म्हणजे तेव्हा खुराड्यांची वस्ती, वर माणसं खाली डुकरं. सरकारी डॉक्टर जेम्स लोसन तुंग वा मधे शिरला तर आत प्लेगचे पेशंट. मग हुकूम निघाला की पेशंट हायजिया नावाच्या हॉस्पिटल बोटीवर हलवा. गोरे सोल्जर घराघरात घुसून पेशंट शोधायला लागले, सामान बाहेर काढून जाळायला लागले, भिंतींना चुना फासायला लागले. लोकांत अफवा उठल्या की गोरे डॉक्टर पोरांचे डोळे काढून त्याचं औषध करतात. लोक इतके खवळले की सरकारने समुद्रात गनबोट आणून उभी केली, आणि हजारोंनी लोक मेनलँडला पळून गेले. त्या वर्षी प्लेगने अडीच हजारांवर माणसं मेली. शेवटी तडजोड म्हणून केनेडी टाऊनच्या एका काचेच्या कारखान्यात तुंग वा च्या देखरेखीखाली चिनी वैद्यांचं प्लेग हॉस्पिटल काढून दिलं. पेशंट काही वाचत नव्हते, खरं म्हणजे बोटीवरही फारसे वाचत नव्हते, तेव्हा प्लेगवर कुणाकडेच औषध नव्हतं. फक्त निदान आपल्या माणसांत मरता येत होतं.

पुण्याच्या माणसाला हे वाचताना वेगळं काही सांगायला नको. दोनच वर्षांनी, सप्टेंबर 1896 मधे, मुंबईत मांडवीला डॉक्टर अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या माणसाने प्लेग ओळखला, आणि तो हाँगकाँगच्याच बोटींतून आला असं बहुतेक सगळे मानतात. ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेले, कारण इथेही अफवा तीच, गोरे डॉक्टर माणसं मारून मोमियाई, म्हणजे अंगातलं औषधी तेल, काढतात. मग पुण्यात रँड, घराघरात सोल्जर, आणि 22 जून 1897 ची गणेशखिंड. आणि तो लोसन? तो 1897 मधे मुंबईलाच आला, प्लेगच्या कामावर. हाँगकाँगमधे एवढं रामायण होऊनही सरकारने तोच माणूस आणि तीच पद्धत आणली, याला काय म्हणावं.

ताई पिंग शानची ती वस्ती सरकारने पाडून टाकली. त्या जागेतल्या काही भागावर आज ब्लेक गार्डन आहे, म्हातारी माणसं बाकांवर पेपर वाचत असतात, पोरं बास्केटबॉल खेळतात, आजूबाजूच्या गल्ल्यांत महागड्या कॉफीची दुकानं. दादा तिथल्या एका कॅफेत थांबला तो थांबलाच, "तू जा, मी इथेच आहे." मी एकटीच वर केन लेनला मेडिकल सायन्सेस म्युझियमला गेले. लाल विटांची 1906 ची देखणी इमारत, प्लेगनंतर बांधलेली बॅक्टेरियोलॉजिकल इन्स्टिट्यूट. देवीच्या लसीची लिम्फ, म्हणजे टोचायचा द्रव, इथेच बनायची. तेव्हा शहरभर लाईटच्या खांबांना डबे टांगलेले असायचे, आत कार्बोलिक हे जंतुनाशक, मेलेला उंदीर दिसला की त्यात टाकायचा, मग उंदीर तपासून कुठल्या भागात प्लेग आहे ते ठरवायचं. माणसं ओढून नेण्यापेक्षा उंदीर गोळा करणं लोकांना कधीही चालतं, एवढी अक्कल यायला मधे दहाबारा वर्षं गेली. बाहेर औषधी वनस्पतींची छोटी बाग आहे, एकेका झाडाजवळ पाटी. माझा बराच वेळ तिथेच गेला.

उतरताना लॅडर स्ट्रीटच्या पायऱ्या, खाली मान मो टेंपल, आणि मग काढ्याचं दुकान. पितळेची मोठी चंबूसारखी भांडी, त्यांना तोट्या, काउंटरवर वाट्या झाकून ठेवलेल्या. 'चोवीस चवी' नावाचा काढा मागवला. चवी चोवीस असतील, कळते एकच, कडू. पण चिनी माणूस तो का पितो हे मराठी माणसाला लगेच कळतं: तळलेलं खाल्लं, जागरण झालं, अंगात उष्णता वाढली. दादा एक घोट घेऊन म्हणाला, "आजीचा किराईत बरा होता गं."

तिथे बसून मी त्याला 2003 ची गोष्ट सांगितली. सार्स आला तेव्हा शेजारच्या क्वांगतुंगमधे लोकांनी घराघरात व्हिनेगर उकळलं आणि बानलानगेन नावाच्या मुळीच्या औषधाची पाकिटं दुकानांतून गायब झाली. हाँगकाँगमधे 1,755 केसेस, 299 मृत्यू, त्यात हॉस्पिटलचा स्टाफही. तेव्हा चायनीज युनिव्हर्सिटीने हॉस्पिटलच्या लोकांना एक काढा दोन आठवडे दिला. घेणारे 1,063, न घेणारे 15,374. घेणाऱ्यांत एकालाही सार्स झाला नाही, न घेणाऱ्यांत 0.4 टक्के लोकांना झाला. दादा म्हणाला मग झालं की सिद्ध! थांब ना. 1,063 चे 0.4 टक्के म्हणजे साधारण चार माणसं. चारच्या जागी शून्य, आणि काढा ज्यांनी स्वतःहून घेतला तेच गटात, म्हणजे मुळात जपून राहणारे लोक. अभ्यास करणाऱ्यांचा दोष नाही यात, साथ अंगावर आलेली असताना चिठ्ठ्या टाकून गट कोण पाडणार, पण एवढ्यावर काढा चालतो असं म्हणता येत नाही आणि चालत नाही असंही नाही. आपल्याकडे कोव्हिडमधे काढ्याचे फॉरवर्ड फिरत होते तेव्हा हे गणित मी किती जणांना सांगितलं असेल, कुणी ऐकलं नाही, दादाने निदान ऐकून घेतलं (काढा संपेपर्यंत दुसरं करणार काय).

चिनी शास्त्रज्ञ तू यूयू बाईंच्या आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाचं नाव अशा वेळी हटकून निघतं, 2015 चं नोबेल वगैरे. खरंच मोठं काम. पण त्यांनी जुन्या पोथीतली ओळ वाचून थेट काढा नाही वाटला, उकळण्याने द्रव्य मरतंय असं वाटून कमी तापमानाला इथरमधे अर्क काढला, उंदरांवर बघितला, मग माकडांवर, मग स्वतः घेतला आणि मग पेशंटना. पोथीचं नाव सगळे घेतात, मधल्या पायऱ्या कुणी सांगत नाही.

आता सेउंग क्वान ओ भागात सरकारने मोठं चायनीज मेडिसिन हॉस्पिटल बांधलंय, बाप्टिस्ट युनिव्हर्सिटीकडे चालवायला दिलंय, आणि सगळीकडे त्याचा उल्लेख हाँगकाँगचं पहिलं चायनीज मेडिसिन हॉस्पिटल असा. पो यान स्ट्रीटवरच्या तुंग वा ने मग 1872 पासून काय केलं? पाश्चात्त्य औषधं तिथे आली ती प्लेगनंतर, हॉस्पिटलच्या 1896 च्या सरकारी चौकशीनंतर. पण असो, सरकारी पाट्यांना इतिहास विचारू नये.

कुणाला जायचं असेल तर म्युझियम सोमवारी बंद असतं. बूट चांगले घाला, आणि उतारावरून सुरुवात न करता खालून वर चढत जा, म्हणजे काढ्याच्या दुकानात पोचेपर्यंत पाय दुखत असतात आणि बसायला कारण मिळतं. को शिंग स्ट्रीटवर सकाळी दहानंतर जा. मुळ्या घेऊन येऊ नका, कस्टममधे उगाच डोकेदुखी, आणलंच तर सुकी संत्र्याची साल आणा. मी आणली, चहात घालते, बरी लागते.