कण्यावरच्या सुरकुत्या

हुतात्मा चौकातून चर्चगेटकडे जाताना पदपथावर जुन्या पुस्तकांचे जे ढीग लागलेले असतात, त्यांतून एखाद्या नामवंत लेखकाची कादंबरी उचलली, की मलपृष्ठावरची स्तुती वाचण्याआधी मी तिचा कणा, म्हणजे पाने जोडलेली बांधणीची बाजू, पाहतो. रहस्यकथेचा कणा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा मोडलेला असतो. पुरस्कारप्राप्त कादंबरीचा मात्र बहुधा पहिल्या पाव भागातच चुरगळतो आणि पुढे कोरा करकरीत राहतो. पानांच्या कडांवर बोटांचा मळ साठ-सत्तराव्या पानापर्यंत असतो, त्यापुढे केवळ वयाचा पिवळेपणा. गौरवपर परीक्षणांतून याचा पत्ता लागत नाही.

त्याच पदपथावर प्लास्टिकच्या वेष्टनातली नवी पुस्तकेही असतात. पुसट अक्षरे आणि पलीकडचा मजकूर दिसेल इतका पातळ कागद असला, की ती चोरून छापलेली आहेत हे समजावे. जुन्या प्रतीचे मानधन लेखकाला निदान एकदा तरी मिळालेले असते, म्हणून मी कुबट वास आणि कसरीने खाल्लेले कोपरे पत्करतो. मुंबईच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली दिवस काढलेल्या कागदाकडून आणखी कसली अपेक्षा करावी?

अलीकडे मला तेथे किरण नगरकरांची ‘रावण अँड एडी’ मिळाली. १९७४ साली ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत लिहिणाऱ्या नगरकरांची ही १९९५ मधील इंग्रजी कादंबरी, माझगावच्या चाळीत खालीवर राहणाऱ्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मुलाची. हिचा कणा शेवटपर्यंत मोडलेला होता आणि गोंद सुटून मधली पाने हातात येत होती. “पानं सगळी आहेत साहेब, मोजून घ्या,” असे म्हणत विक्रेत्याने आपणहूनच किंमत उतरवली. न उघडलेली प्रत महाग आणि मनापासून वाचलेली स्वस्त, हा या बाजाराचा न्याय माझ्या चांगलाच पथ्यावर पडतो.

चाळीतल्या पाण्याच्या भांडणांपाशी समासात कोणीतरी पेन्सिलीने, मराठीत, ‘आमच्याकडेही हेच’ असे लिहून ठेवले होते. त्या अनोळखी वाचकाशी माझे तेथल्या तेथे जुळले. विक्रेत्याने मात्र पान खराब केल्याबद्दल त्याला नावे ठेवली आणि आणखी दहा रुपये सोडले.