अंदाजवही, आठवा महिना: ०.२३

आकडा आधी सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. ०.२३. रोज रात्री वहीत मी पुढच्या गोष्टींचे अंदाज खात्रीच्या टक्क्यांसह लिहिते. नोव्हेंबरपासून जूनअखेरपर्यंत अशा ३७२ नोंदींचा निकाल लागला, त्यांतल्या चुकीची ही सरासरी. डोळे मिटून सगळीकडे ५० टक्के लिहिलं असतं तर ०.२५ आली असती. म्हणजे आठ महिने रोज रात्री वही उघडून मी डोळे मिटलेल्या बाईपेक्षा दोन शतांश शहाणी ठरले आहे.

आपल्या अंदाजवहीवाल्यांच्या गटात नव्याने आलेल्यांसाठी पद्धत पुन्हा एकदा. उद्याबद्दल एक ठाम वाक्य लिहायचं, ज्याचा निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ असाच लागेल. शेजारी खात्री लिहायची, ५० ते १०० टक्के. खरं ठरलं तर १, नाही ठरलं तर ०. त्यातून आपली टक्केवारी वजा करायची (९० टक्के म्हणजे ०.९), येईल त्याचा वर्ग करायचा, महिन्याची सरासरी काढायची. जितकी कमी तितकं बरं. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानवाल्याने १९५० साली पावसाचे अंदाज तपासायला हा हिशोब मांडला. मला तो जवळचा वाटतो याचं कारण भाबडं आहे. माझं ऑफिस शिवाजीनगरला आणि रोजचा रस्ता सिमला ऑफिसवरून. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण चौकाला नाव चिकटलं ते चिकटलंच. आपण पुणेकर हवामान खात्याला आयुष्यभर हसत आलो. पण त्यांचा अंदाज दुसऱ्या दिवशी तपासला जातो, आपला कोण तपासतं?

मी सुरू केलं ते चकल्यांमुळे. गेल्या दिवाळीत एक किलो भाजणीच्या चकल्या ‘दोन तासांत उरकते’ म्हणून बसले आणि सव्वाचार तासांनी उठले. नवरा म्हणाला, दरवर्षी दोन तासच म्हणतेस. मी म्हटलं, काहीतरीच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त सोऱ्या धुवायला घेतला. त्या न बोलण्यात वीस वर्षांची आकडेवारी होती.

मग वाचलं की या रोगाला नाव आहे, ‘प्लॅनिंग फॅलसी’, म्हणजे नियोजनाचा भ्रम. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच तो मांडून ठेवला आहे: आपण कामाचा अंदाज बांधतो तो सगळं सुरळीत चालल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणून, मागच्या वेळी काय झालं होतं ते बघत नाही. १९९४ साली ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? उत्तरांची सरासरी ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. आणि ‘सगळं बिघडलं तर किती?’ याचं उत्तर ४९ च्या आतच होतं. म्हणजे त्यांचा सगळ्यात काळा दिवससुद्धा खऱ्या दिवसापेक्षा गोरा. हे वाचून मला चकल्यांबद्दल जरा बरं वाटलं.

आता वही काय सांगते ते बघा. ६० टक्के खात्रीने लिहिलेल्या ७५ नोंदींपैकी ४६ खऱ्या, म्हणजे ६१ टक्के. शाब्बास. ७० वाल्या १०४ पैकी ६९, ठीक. ८० वाल्या ६३ पैकी ४४, इथून घसरण. आणि ९० वाल्या ८८ पैकी फक्त ६३ खऱ्या, म्हणजे ७२ टक्के. थोडक्यात, मी ७० म्हणते, ८० म्हणते की ९०, प्रत्यक्षात सगळे साधारण सत्तरच्या आसपास. आवाज चढतो, माहिती तेवढीच राहते. एक नोंद १०० टक्क्यांची आहे: ‘किल्ली पर्समध्येच आहे.’ किल्ली स्कूटरच्या डिकीला लटकत होती, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, दिवसभर. त्या एका ओळीचा दंड पूर्ण १. तेव्हापासून वहीत १०० ला बंदी आहे.

पहिले सहा महिने वेगळे काढले तर सरासरी ०.२६ येते, नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. मे-जूनच्या ९४ नोंदींची ०.१७. फरक कशाने पडला याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, जवळजवळ सगळा फरक वेळेच्या नोंदींत आहे आणि तिथे मी हुशार झालेले नाही, फक्त कल्पना करणं सोडलं आहे. कर्वेनगर ते शिवाजीनगर स्कूटरने मी सहा महिने ‘२५ मिनिटांत पोहोचेन’ असंच लिहीत होते. २५ मिनिटं लागतात, खोटं नाही. रविवारी सकाळी सात वाजता. आता काय करते, तर वहीची मागची पानं उलटून त्याच वेळच्या शेवटच्या दहा फेऱ्या बघते, त्यातली मधली घेते. ती ३८ आहे. मग नळ स्टॉपचा आजचा सिग्नल, आजचा मूड, आजचा कमी ट्रॅफिक असला काही विचारच करायचा नाही. ३८ वर बोट ठेवायचं आणि लिहायचं. नळ स्टॉपला गाडी लावून मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरले तर तेवढीच मिनिटं लागतात, पण दहा फेऱ्यांत चार मिनिटांच्या वर फरक पडत नाही. ज्यांना स्कोअर सुधारायचा आहे त्यांनी मेट्रो धरावी. (गाडी लावायला जागा मिळेल का, ही वेगळी नोंद करावी आणि तिथे मार खावा.)

या पद्धतीचीही गंमत जूनमध्ये झाली. पालखी शहरात येणार त्या दिवशी मी नेहमीच्या दहा फेऱ्या बघितल्या, त्यात उदारपणे वीस मिनिटं मिळवली आणि ‘तासाभरात घरी’ असं ८० टक्क्यांनी लिहिलं. फर्ग्युसन रस्ता बंद, लक्ष्मी रस्ता बंद, डेक्कनला माणसांचा समुद्र. एक तास पन्नास मिनिटं. मागच्या फेऱ्या बघायच्या हे खरं, पण कुठल्या मागच्या? पालखीच्या दिवसाची तुलना मागच्या पालखीशी करायला हवी होती, मागच्या मंगळवाराशी नव्हे. तुलनेसाठी चुकीचा गट निवडणं टाळायला मला अजून जमत नाही. कोणाची युक्ती असेल तर रविवारी टेकडीवर भेटू तेव्हा सांगा.

सवयीबद्दल थोडं, कारण नव्यांपैकी निम्मे तिथेच गळतात. मी जन्माची आरंभशूर. योगासनं, जर्मन, साखर सोडणं, सगळं करून सोडलेलं आहे. वहीसाठी आधी साडेनऊचा गजर लावला होता. साडेनऊला आमच्या घरी कोणाला तरी काहीतरी हवं असतं, त्यामुळे गजर बंद व्हायचा आणि वहीही. मग ती विरजणाला बांधली. रात्री दूध कोमट झालं की विरजण लावायचं, झाकण ठेवायचं, हात पुसायचे, वही उघडायची. विरजण चुकत नाही, कारण चुकलं तर सकाळी घरात बोंब होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर असंच काहीसं तपासलं होतं, २०१० मध्ये छापून आलं. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची, न्याहारीनंतर वगैरे. ती आपोआप व्हायला लागायला मध्यक ६६ दिवस, पण कोणाला १८ पुरतील तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब. २१ दिवसांत सवय लागते असं छातीठोक सांगणाऱ्यांना हे दाखवा. त्यात मला धीर देणारी गोष्ट ही होती की मधे एखादा दिवस हुकला तर फारसं बिघडत नाही. माझे मे महिन्यात सलग नऊ हुकले, चिपळूणला लग्न होतं. पूर्वीची मी तिथेच ‘गेलं सगळं’ म्हणून थांबले असते. परत आल्यावर विरजण लावलं आणि हात आपोआप वहीकडे गेला.

स्वतःबद्दलच्या नोंदींवर फार बोलणार नाही. ‘आज अकराच्या आत झोपेन’ अशा ३१ नोंदी, खऱ्या ९. पुढे जाऊ.

माणसांबद्दलच्या नोंदी मात्र सांगायलाच हव्यात. सासूबाई एखाद्या गोष्टीला नको म्हणतील अशा अकरा नोंदी आहेत, सगळ्या ८० किंवा ९० च्या. पैकी आठ वेळा त्या हो म्हणाल्या. फेब्रुवारीत मी लिहिलं होतं: ‘मेट्रोने स्वारगेटला नेते म्हटलं तर आई नको म्हणतील, ९०.’ दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं.

‘‘आई, मेट्रोने जायचं का स्वारगेटला? जमिनीखालून जाते.’’

‘‘कधी निघायचं?’’

‘‘तुम्हाला भीती नाही ना वाटणार?’’

‘‘पानशेतचं पाणी दारात आलेलं पाहिलंय मी. मेट्रोची कसली भीती?’’

अकरापैकी आठ. इतका वाईट स्कोअर मला पावसाच्या बाबतीतही नाही. वीस वर्षं मी त्यांचं ‘नको’ त्यांना न विचारताच ऐकत होते. वहीशिवाय हे कळलं नसतं, याची मला खात्री आहे, आणि त्याचंही कारण आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाण्यापूर्वी बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांकडून लिहून घेतलं होतं, काय काय घडण्याची किती शक्यता वाटते. दौरे झाल्यावर पुन्हा विचारलं, तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं? जे घडलं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य फक्त सदाशिव पेठेत जन्मलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. मलाही आता विचारलंत तर वाटतं, आई हो म्हणणार हे माहीतच होतं की. वहीत ९० दिसतं.

आणि आता जी नोंद लिहावी की नाही याचा आठवडाभर विचार करत होते ती. लेक यंदा दहावीला होती. जानेवारीत सराव परीक्षेच्या आधी मी लिहिलं: ‘८५ टक्क्यांच्या वर जाणार नाही, ७०.’ वही ओट्याशेजारच्या फडताळात असते, कुलूप नाही. निकाल लागला, ८३. मी दुसऱ्या रात्री पान उघडलं तर ती ओळ पेन्सिलने अधोरेखित केलेली आणि समोर तिच्या अक्षरात हिशोब करून ठेवलेला: ०.०९. बरोबर केला होता.

मी तिच्या खोलीत गेले. ती म्हणाली, ‘‘अभिनंदन. स्कोअर सुधारला तुझा.’’

मी काहीतरी सांगायला लागले, की अंदाज म्हणजे अपेक्षा नव्हे, की उलट मला तर... तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मी ८७ आणले असते तर तुला वाईट वाटलं असतं? थोडं तरी?’’ मी नाही म्हटलं. खरं उत्तर मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं, आणि ते तिला दिसलं असावं.

तेव्हापासून घरातल्या माणसांना काय जमेल, काय जमणार नाही, याची एकही नोंद मी केलेली नाही. आपल्यातले काही जण म्हणतील, हा डोळे झाकून घेण्याचा प्रकार आहे, जिथे आपण सगळ्यात जास्त चुकतो तिथेच वही हवी. एका सदस्याने टेकडीवर माझ्याशी यावर वादही घातला. असेल. सासूबाईंच्या बाबतीत मला वहीचा फायदा झाला हे मी वर लिहिलंच आहे. पण तिथे मी चुकत होते आणि ते कळून नातं मोकळं झालं. लेकीच्या बाबतीत मी बरोबर होते, आणि त्या बरोबर असण्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उलट ७० लिहिल्यानंतरचा आठवडाभर मी तिच्याशी ७० लिहिलेल्या आईसारखी वागले असेन का, हे तपासायला माझ्याकडे वही नाही. सासूबाईंबद्दलही आता लिहीत नाही, सरळ विचारते. दोन सेकंद लागतात.

(बोर्डाचा निकाल काय लागला ते विचारू नका. तिने सांगू नकोस म्हटलंय.)

जुलैसाठी उघड्या नोंदी, तुम्हीही आपापले आकडे लावा, ३१ तारखेला ताळा करू:

१५ जुलैच्या आत मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जाणार नाही, ६०. खडकवासला धरणातून विसर्ग केव्हा आणि किती, त्यावर सगळं. मी मागच्या वर्षांच्या जुन्या बातम्या काढून बसले होते आणि तरी ६० च्या वर हात जाईना, हीच प्रगती समजते.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा माणूस सांगितलेल्या दिवशी येणार नाही, ८५. मागच्या सात तारखांपैकी तो सहा वेळा आलेला नाही.

नवरा वीजबिल मुदतीआधी भरेल, ८०. ही नोंद त्याने स्वतः माझ्या वहीत, माझ्या पेनने लिहिली आहे. मी शेजारी माझा आकडा लिहिलेला नाही.