'अय्यप्पनुम कोशियुम' मराठी सबटायटल: एका कान्याने घात केला

मंडळी, गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, दिवाळीआधी या मल्याळम चित्रपटाच्या मराठी सबटायटलची फाइल हातावेगळी करते म्हणून. रविवारी चाचणी म्हणून आईला समोर बसवलं, आणि थोड्याच वेळात तिचा प्रश्न आला: "हा फौजदार त्या दारुड्याला अहोजाहो का करतोय गं?"

झालं. सगळी फाइल पुन्हा उघडली आहे.

ड्रिफ्टचं, म्हणजे ओळी संवादापासून हळूहळू सरकत जाण्याचं, आधी उरकते. तो सुटला. माझं टायमिंग सेकंदाला २५ फ्रेमचं होतं आणि व्हिडिओ २३.९७६ चा, म्हणजे तासाभरात अडीच मिनिटांची दरी. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलला, दोन मिनिटांत काम झालं. त्यासाठी मी तीन संध्याकाळी एकेक ओळ हाताने सरकवत होते, हे घरी कुणाला सांगू नका.

खरं दुखणं तू-तुम्हीचं. मल्याळममध्ये क्रियापदाला पुरुष-वचनाचे प्रत्यय लागत नाहीत. 'पोयी' म्हणजे गेलो, गेलास, गेलात, गेली, सगळंच. त्यामुळे 'नी', 'निंगळ' गाळून पात्रं आरामात बोलत राहतात. मराठीत ती पळवाट नाही. 'गेलास' की 'गेलात', प्रत्येक ओळीला ठरवा. आणि इथे तर भांडणच त्यावर आहे, कोण कुणाला कुठल्या पायरीवर उभं करतो यावर.

केरळातल्या अट्टप्पाडीत दारूबंदी. रात्रीच्या तपासणीत कोशीच्या गाडीत बाटल्या सापडतात. पोलीस सभ्य वाटावा म्हणून मी फौजदार अय्यप्पन नायरच्या तोंडी पहिल्यापासून 'तुम्ही' घातलं होतं. आईचं बरोबर आहे. समोरचा झिंगलेला आणि अंगावर येणारा, त्याला कुठला फौजदार 'उतरा' म्हणेल? पण ठाण्यात कोशीचा मोबाइल बघतात, त्यात बड्या बड्यांचे नंबर निघतात, आणि ठाण्याचा सूरच पालटतो. 'बस'चं 'बसा' व्हायला हवं ते तिथे. त्याच नरमाईत त्याला जप्तीतली दारू मिळते, अय्यप्पनच्या सांगण्यावरून कॉन्स्टेबल जेसी ती ओतते, कोशी गुपचूप चित्रण करतो आणि दोघांच्या नोकरीवर गदा येते. तो 'बसा' अय्यप्पनला केवढ्याला पडला बघा!

वर्दी उतरल्यावर तो पुन्हा 'तू'वर येतो. पण हा 'तू' वेगळा. पहिला खात्याचा होता, हा त्याचा स्वतःचा. दोन्ही लिहायचे मात्र सारखेच. यावर चार दिवस डोकं फुटलं. उपाय अगदी साधा निघाला: पहिल्या भागात नाव नाही, नुसतं "ए, उतर खाली". निलंबनानंतर प्रत्येक ठिकाणी नाव घेऊन: "कोशी, ऐक." आईला फरक न सांगता कळला. त्या रात्री मी स्वतःसाठी वेलची घालून चहा केला.

कोशीचं सोपं वाटलं होतं. वडिलांना, कुरियन जॉनना 'तुम्ही', बाकी जगाला 'तू'. श्रीमंताघरचा पोरगा, त्यातून निवृत्त हवालदार. पण हे लिहिता लिहिता सुचलं, पुढे जेसीच्या नोकरीची टोचणी त्याला लागते, तेव्हा तिच्याशी 'तुम्ही' केलं तर? आज ते सगळे प्रसंग पुन्हा ऐकते. ओरिजिनलमध्ये आधार नसेल तर नाही करणार. दिग्दर्शकाच्या वरताण आपण कशाला जा.

अय्यप्पनच्या बायकोच्या, कण्णम्माच्या ओळींना मात्र हात लावायचा नाही. ती कोशीला तोंडावर झापते तो प्रसंग पहिल्या फटक्यात जमलाय. तिथे 'तू'शिवाय दुसरं काही शोभतच नाही.

अय्यप्पनचं टोपणनाव मुंडूर माडन, त्याचा म्हसोबा करा, असं इथे दोघांनी सुचवलं होतं. करून पाहिला. माणूस पालक्काडहून थेट फलटणला उतरतो. माडनच राहील. नंजियम्मांच्या इरुळा भाषेतल्या गाण्याखालीही काही लिहिणार नाही. त्या आवाजाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, माझ्या ओळींचा टेकू कशाला?

फाँट बदलला. फुकटात उतरवलेल्या त्या फाँटात 'दुसऱ्या'मधला र सुटा पडायचा. आता 'मुक्त' नावाचा फाँट घेतलाय. सीपीएस, म्हणजे सेकंदाला किती अक्षरं, ते मोजताना काना-मात्रा वेगळ्या धरल्या जातात, त्यामुळे मराठी ओळी उगाच लाल दिसतात; मी त्याकडे काणाडोळा करते.

उरली शेवटची मारामारी. तिथे दोघेही 'तू'वर ठेवलेत. फक्त नाव घ्यायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये.