धुक्यातले चार डोंगर

साताऱ्याचे नाव भोवतीच्या सात डोंगरांवरून पडले असे मानतात. अजिंक्यतारा, सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, पेढ्याचा भैरोबा, नकदीचा डोंगर आणि कितलीचा डोंगर हे ते सात. त्यांपैकी पहिले चार एका दिवसात करायचे, असे मी आणि माझ्या धाकट्या चुलतभावाने गेल्या श्रावणात ठरवले. मधले सडकेचे अंतर मोटारसायकलने कापायचे, पण चढ-उतार पायीच करायचे, एवढीच अट होती. आदल्या रात्रीपासून पावसाची रिपरिप लागली होती, तरी बेत मोडण्याइतके कारण त्यात आम्हांला दिसले नाही.

सुरुवात पूर्वेच्या जरंडेश्वरापासून केली. श्रावणी शनिवार असल्यामुळे मारुतीच्या दर्शनाला पहाटेपासून रीघ होती. द्रोणागिरी नेताना मारुतीच्या हातून निसटलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी इकडची श्रद्धा आहे. उतरताना शेवाळलेल्या दगडांवरून माझा पाय दोनदा सटकला, कारण मी सवयीने टाच आधी टेकवत होतो. मागून अनवाणी येणाऱ्या एका आजींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “बाळा, पाय आडवा टाक. घाई करू नगंस.” त्या स्वतः प्रत्येक पाऊल उताराला आडवे ठेवत, आधी त्यावर हलका भार देऊन पाहत आणि मगच दुसरे उचलत. दिवसभरात कामाला आलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच ठरली.

अजिंक्यताऱ्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. वाट माझ्या पायांखालची होती. औरंगजेबाच्या वेढ्यात, १७०० साली, जिथे सुरुंग उडाले त्या मंगळाईच्या बुरुजाकडून एरवी सगळे शहर दिसते, पण त्या दिवशी पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीच दिसले नाही. दुपारी साडेबाराला खाली उतरून आम्ही समर्थ मंदिराजवळ राहणाऱ्या आत्याकडे गेलो. कोरडे मोजे चढवले, गरम पिठलं-भाकरी खाल्ली आणि पुन्हा निघालो. “अंधार पडायच्या आत उंबऱ्यात पाहिजे,” एवढेच आत्या म्हणाली.

आमची खरी चूक इथे उघडी पडली. सातारा पर्जन्यछायेच्या काठावर आहे. पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेकडे यावे तसा तो झपाट्याने घटत जातो. आम्ही पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालो होतो, म्हणजे पाय जसजसे थकत होते तसतसा पुढचा डोंगर अधिक ओला, अधिक धुकट होत होता. यवतेश्वर सकाळी ताज्या पायांनी करून जरंडेश्वर संध्याकाळसाठी ठेवायला हवा होता. श्रावणी शनिवारच्या गर्दीचा विचार आम्ही केला, ढग कुठून येतात याचा केला नाही.

यवतेश्वराच्या महादेवाचे दर्शन घेऊन परत फिरलो तेव्हा धुके इतके दाटले होते की दहा पावलांवरचा भाऊ नुसत्या सावलीसारखा दिसत होता. सपाट माथ्यावर वाट चुकणे फार सोपे असते, कारण तिथे चढ नसतो, उतार नसतो, आणि ओल्या कातळावर पाऊल उमटत नाही. पायवाट जिथून खाली उतरते ती जागा आम्ही ओलांडून गेलो आणि ते आम्हांला कळलेही नाही. पंधरा मिनिटांनी भाऊ थांबला. “दादा, येताना हे करवंदीचं जाळं लागलं नव्हतं.” मी मोबाईल काढला, पण पडद्यावर पाणी साचल्याने बोटाचा स्पर्शच त्याला लागेना. शर्टाच्या आतल्या बाजूने तो पुसायला गेलो, तर शर्टही चिंब.

पायाखालची जमीन हळूहळू डावीकडे कलू लागली होती, आणि मला खरी भीती वाटली ती त्या कलण्याची. पुढे जायचे नाही, खालीही उतरायचे नाही, असे आम्ही ठरवले. आमच्याच बुटांनी दाबलेले गवत पाहत, सापडेल तितके मागे जायला लागलो. थोड्या वेळाने घंटा ऐकू आली आणि म्हशींमागून प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ पांघरलेले एक गृहस्थ पुढे आले.

“पाव्हणं, तिकडं कुटं निघाला? पुढं कडा हाय.”

त्यांनी आम्हांला देवळापर्यंत आणून सोडले आणि पायवाटेने न जाता सडकेनेच उतरा, असे बजावले. आम्ही मुकाट्याने ऐकले. घाटरस्ता लांबचा होता, वळणावर दरडीचे दगड पडलेले होते, पण पायाखाली डांबर आहे या एका गोष्टीने छाती हलकी झाली.

सज्जनगड सोडून द्यावा का, यावर बोगद्यापाशी आम्ही बराच वेळ बोललो. भावाच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. मीठ-साखरेचे पाणी आणि कंदी पेढे खाऊन त्याला उतार पडला. गडावर बांधीव पायऱ्या आहेत, माणसांची ये-जा आहे, वाट चुकण्याचा प्रश्न नाही, म्हणून जायचे ठरले. पायऱ्यांवरून पाणी ओहळासारखे वाहत होते. मी कठड्याला धरून, आजींसारखे पाऊल आडवे ठेवत चढलो. समर्थांच्या समाधीपुढे टेकलो तेव्हा पावणेसहा झाले होते. गडाच्या टोकाला असलेल्या धाब्याच्या मारुतीकडे जायची भावाची फार इच्छा होती. तिकडे उघड्यावर वारा अंगावरचा रेनकोट फाडू पाहत होता, म्हणून मी नको म्हटले आणि त्यानेही हट्ट धरला नाही. महाद्वारातून खाली निघालो तेव्हा बॅटरी लावावी लागली नव्हती. आत्याच्या दारात पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते.