शाळूविना सात आठवडे : भाकरीची वही

गहू सुटून मला दोन वर्षं झाली. सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन (कणकेचा चिकटा) आतड्याला सोसत नाही. आधी रक्तातली टीटीजी (या दुखण्याची प्रतिपिंडं मोजणारी तपासणी), मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा, सगळं रीतसर झालं. गव्हाचं फारसं वाईट वाटलं नाही, आम्ही सोलापूरकर. चपाती पाहुण्यांना, घरच्यांना शाळूची भाकरी. पण दोन वर्षांनंतरही पोट गच्चच. दुपारी चारला ऑफिसात पँटचं बटण सैल करून बसायचो. टीटीजीचा आकडा उतरता उतरता मध्येच अडकला. शेवटी आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सहा आठवडे धान्यच बंद करू. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, सगळं. मग एकेक परत आणू."

ज्वारीसुद्धा? मंगळवेढ्याचा शाळू, मालदांडी, पोतं घरात भरलेलं. आईने तर ऐकूनच कपाळाला हात लावला.

(ज्यांची अजून तपासणी झालेली नाही त्यांनी हे वाचून लगेच गहू सोडू नका. गहू खाणं चालू असेल तरच टीटीजीत काही दिसतं. आधी सोडला आणि मग रक्त दिलं, तर अहवाल खोटाच स्वच्छ येऊ शकतो.)

आठवडा १

मोंढ्यात जायची गरजच पडली नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातला उपवासाचा खण पुरला. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, शिवाय घरात रताळी आणि सुरण. आई म्हणाली, "बरंय, सहा आठवड्यांची एकादशी." मलाही तसंच वाटलं, आणि तिथेच पहिली चूक झाली. उपवासाची भाजणी आणली, तीन दिवस थालीपीठं खाल्ली, चौथ्या दिवशी पाकिटाची मागची बाजू वाचली तर त्यात वरई. वरई म्हणजे भगर, गवताच्या जातीचं बारीक धान्यच. उपवासाला चालते, माझ्या वहीला नाही. पाकीट बायकोकडे गेलं.

राजगिरा मात्र चालतो. तो गवत नाही. पालक, चाकवत यांच्या कुळातला, आणि त्याची पालेभाजी आपण खातोच. उत्तरेतला उपवासाचा कुट्टू तर आपल्या आंबट चुक्याच्या नात्यातला. काही कडक मंडळी हेही धान्यातच धरतात. मी धरत नाही. इतकं सोवळं पाळलं तर ताटात रताळंच उरेल.

नुसत्या राजगिऱ्याची भाकरी थापून पाहिली. थापेपर्यंत ठीक. उचलली आणि हातात दोन तुकडे आले. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) गेल्यावर जसं होतं, अगदी तसंच. तवा जास्त तापला होता, म्हणून कडूही झाली.

आठवडा २

चिकटपणासाठी इसबगोल. सगळीकडे हेच सांगतात, पण किती ते कुणी नीट सांगत नाही. मी एका वाटीला तीन चमचे घातले. भाकरी तुटली नाही हे खरं. दातांनीही तुटली नाही. मुलाने ती दोन बोटांत धरून वाकवली आणि म्हणाला, "बाबा, चपलेचा तळ." तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशीही वाकत होती.

शिंगाड्याचं पीठ विकत न आणता घरी दळायचं ठरवलं. वाळका शिंगाडा ज्यांनी मिक्सरात टाकला आहे त्यांना तो आवाज ठाऊक असेल. भांड्याचं पातं वाकलं. आता आधी खलबत्त्यात कुटतो, मग मिक्सर, मग वस्त्रगाळ. अर्ध्या किलोला पाऊण तास जातो. राजगिरा त्या मानाने गरीब. थोडा थोडा घातला तर दहा मिनिटांत पीठ.

आठवडा ३

जमली. प्रमाण लिहून ठेवतो:

राजगिऱ्याचं पीठ १ वाटी, शिंगाड्याचं पाव वाटी, इसबगोल सपाट १ चमचा (चहाचा), उकडून किसलेला लहान बटाटा १, मीठ. पाणी पाऊण वाटीच्या आसपास, पण खळखळ उकळतं.

पाणी उकळतं हवं, इथे कंजुषी नको. पिठात चिकटाच नसतो, त्यामुळे जे काही धरून ठेवायचं ते शिजलेल्या स्टार्चनेच. ज्वारीची उकड काढतो तशीच ही काढायची: पाणी ओतायचं, उलथण्याने हलवायचं, झाकण. इसबगोल फुगायला पंधरा मिनिटं द्यायचीच. पहिल्या दोन मिनिटांत गोळा सैल वाटतो आणि हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. तो आवरा. पंधरा मिनिटांनी तोच गोळा मऊ पण आवळलेला लागतो, कानाच्या पाळीसारखा.

काठवट वापरत नव्हतो (त्याचं पुढे येईल). केळीच्या पानाला तेलाचं बोट लावून त्यावर थापली, पानासकट तव्यावर उलटी टाकली, आणि पानाचा रंग बदलला की पान सोललं. वरून पाण्याचा हात. आच मध्यम, राजगिरा फार लवकर तांबूस होतो. पूर्ण फुगली नाही. मधोमध रुपयाएवढा पापुद्रा सुटला, एवढंच. पण मी बायकोला हाक मारून दाखवला.

पोट या आठवड्यात पहिल्यांदा हलकं. वहीत रोज ० ते ५ आकडा लिहितो, पाच म्हणजे ढोल. सलग पाच दिवस १.

आठवडा ४

मंगळवारी एकदम ४. धान्याचा कण पोटात नाही. खाल्लेलं लिहून ठेवलेलं: राजगिऱ्याची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, ताक. पहिले तीन आठवडे मी डाळीला नुसतं जिरं-मोहरीच घालत होतो, कारण बाईंनी मसाले कमी ठेवा म्हटलं होतं. पिठल्याला मात्र हिंग लागतोच असं आईचं मत, आणि ते बरोबरच आहे.

हिंगाची डबी उन्हात नेऊन चष्मा वर करून वाचली. घटक: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. याच क्रमाने! खरा हिंग म्हणजे झाडाच्या मुळाचा चीक, इतका उग्र की तसाच फोडणीत घालता येत नाही. म्हणून तो पिठात बांधतात. कुणी तांदळाच्या पिठात बांधतं, कुणी मैद्यात. दोन वर्षं मी हॉटेलात जाऊन "मैदा आहे का" विचारत होतो आणि घरी रोज आमटीत चिमूटभर गहू घालत होतो.

डबी बंद. तोवर तांदळाचाही चालणार नव्हता, म्हणून आमटी बिनहिंगाची. आईने दोन घास खाल्ले आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं फार बोलतं.

आठवडा ५-६

पिठल्यात दुसराही संशयित होता. बेसन. हरभरा डाळ काही धान्य नाही, पण ती दळून आली होती गिरणीतून.

गिरणीत जाऊन नुसता उभा राहिलो. माझ्या पुढे एक काकू गव्हाचा डबा घेऊन. त्यांचं दळण संपलं, दादांनी कापडी नळकांड्याला काठीने दोन-चार फटके मारले, पीठ झटकलं, आणि लगेच पुढचं दळण वर ओतलं. जात्याच्या दोन दगडांच्या मधे अडकलेलं, त्या कापडाला आतून चिकटलेलं, सगळं पुढच्याच्या डब्यात. दादांचा दोष नाही. ते मला म्हणाले, "साहेब, तुमचं सकाळी पहिलं दळून देतो." पण रात्री शेवटचं गव्हाचंच असतं.

हिशेब करून पाहिला. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालतं. गव्हाच्या पिठात ढोबळ दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर एक किलो ज्वारीत कणकेचे दोन दशांश ग्रॅम आले की मर्यादा संपली. म्हणजे एक चिमूटसुद्धा नाही. आणि माझ्या ज्वारीत दोन वर्षं पहिली मूठभर कुणाची तरी कणीक येत होती.

म्हणजे शाळू बिचारा निर्दोष? वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

आठवडा ७-९

आता एकेक परत आणायचं. बाईंनी गंमत सांगितली, हीच पद्धत मुळात या दुखण्याच्या शोधाची. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पावाचा दुष्काळ पडला, ही मुलं सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. काढायचं, बघायचं, घालायचं, बघायचं.

सातव्यात तांदूळ. धुऊन, वाळवून, मिक्सरात. आठवडाभर आकडा १. वहीत लिहायलाच काही नाही.

आठव्यात शाळू. ताटात पसरून, खिडकीत बसून, आई आणि मी मिळून निवडला. दोन किलोत गव्हाचे सात दाणे निघाले. आईने ते तळहातावर ठेवून मोजले, मला दाखवले आणि म्हणाली, "हे बघ तुझे चोर." धुतला, दोन दिवस कडक ऊन दिलं, मिक्सरात दळला, चाळला. पीठ थोडं रवाळ, गिरणीची मजा नाही. उकड काढून थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्याऐवजी गॅसवरच शेकली. टम्म फुगली. शेंगाची चटणी, वर तेल, हिरवी मिरची. पहिला घास तोंडात असताना डोळे का भरले ते मिरचीवर ढकलतो.

आकडा: १, १, २ (लग्नाचं जेवण होतं), १, १. नवव्यातही तेच. टीटीजी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे, तोवर नाचत नाही.

राजगिऱ्याची भाकरी सोडलेली नाही. आठवड्यातून दोनदा करतोच, आता अर्धी फुगते. बटाट्याऐवजी सुरण घालून पाहिला, घसा खाजला. चिंचेच्या पाण्यात आधी उकडायला हवा होता.

एक गोष्ट अडली आहे, जाणकारांनी सांगावं. घरात आजीची सागवानी काठवट आहे. तिच्यात पन्नास वर्षं भाकरी झाली आणि सणाला कणीकही मळली गेली. लाकूड पीठ पितं, म्हणून नऊ आठवडे मी स्टीलच्या परातीत थापतोय, आणि परातीत भाकरी फिरत नाही, सरकते. सुताराला विचारलं तर तो म्हणतो, आतून रंधा मारून दोन सूत (पाव इंच) लाकूड काढतो, नवी होईल. आई म्हणते, रंधा मारलेली काठवट मग आजीची कसली. कुणी मारून घेतला आहे का? किती खोल?