तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळ म्हणजे आमची दिवाळीच का?

ऑफिसात असो की सोसायटीत, डिसेंबर लागला की प्रश्न ठरलेला: "नाताळ म्हणजे तुमची दिवाळीच ना?" बरीच वर्षं मी "हो" म्हणून मोकळा व्हायचो. अगदी खोटंही नाही ते. आम्ही नगरचे ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ साली आलं, तरी आमच्या डब्यांत करंज्या, शंकरपाळे, चकल्याच. डोनट तेवढे मिशनच्या मडमांकडून आले, असं आजी सांगायची. चर्चमध्ये ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणतो. आणि नाही, आमच्या घरी केकात दारू नसते. तेही विचारतात लोक.

पण आई गेली ते वर्ष सांगतो.

डिसेंबरच्या सुरुवातीलाच गेली. आत्या म्हणाली, यंदा चांदणी नको, तळण नको. शेजारच्या काकूंनीही तेच धरलं. दुःखाच्या घरी कढई चढत नाही, म्हणून त्या फराळाचं ताट झाकून घेऊन आल्या. बाबांनी ताट घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, आमच्यात सुतक नसतं." काकू ओशाळल्या. मला बाबांचा संताप आला. नसतं सुतक, पण हे आत्ता सांगायचं?

चोवीस तारखेला त्यांनी गॅलरीत चांदणी टांगली आणि गॅसपाशी उभे राहिले. जन्मात कधी चहा केला नव्हता. आईच्या वहीतलं प्रमाण काढून मैदा भिजवला, स्टीलच्या पेल्यानं गोल पाडले, बाटलीच्या झाकणानं मधली भोकं. तेल धुरावलं होतं. डोनट टाकल्या टाकल्या काळे पडत होते, आत कच्चेच. मी दारात उभा होतो. गॅस बारीक करायला पुढे झालो नाही. धाकटा म्हणाला, "कुणासाठी चाललंय हे?" बाबा झाऱ्यानं डोनट उलटत म्हणाले, "अंधारात बसलेल्यांसाठीच जन्मला ना तो?" "मग एक वर्ष बसू द्या की आम्हाला अंधारात," धाकटा म्हणाला.

वर साखर भुरभुरून काकूंकडेही ताट गेलं. त्यांनी बाबांसमोर एक डोनट पूर्ण खाल्ला. मला जमलं नाही.

तेव्हा मला तो हट्ट वाटला, श्रद्धेचा देखावाही. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलात येशूची गोष्ट आहे तिथं, तर पंचवीस तारीख कुठेच नाही. एक वर्ष चुकलं असतं तर काय बिघडलं असतं? आता वाटतं, घर भरलेलं असेल तेव्हाच जर येशू जन्मल्याची ही बातमी चांगली, तर मग उरला तो नुसता सण, आणि फराळ तर काकूंच्या घरीही होतो. पण असं वाटणं हा माझा विश्वास की बाबांचं वय मला लागलंय, हे सांगता येत नाही.

धाकट्याला हे पटत नाही. तो बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढतो. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला भेटी देऊन जातात, आणि त्याच अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातली तान्ही पोरं मारवतो. तिथं राहेल, इस्राएल लोकांची आदिमाता, आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घेत नाही. "नाताळच्या गोष्टीत तीही आहे," तो म्हणतो. "तिला कुणी डोनट तळायला लावले?" बाबांकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.