तिसरे पिवळे झाकण

लहान स्टेशनवरच्या स्टेशन मास्तरचे निम्मे काम नुसते बघण्याचे असते, याची बाहेरच्यांना सहसा कल्पना नसते. मालगाडी न थांबता जाणार असली तरी आम्हाला फलाटावर उभे राहून ती इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत न्याहाळावी लागते. पलीकडच्या बाजूने पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारा आमचा कर्मचारी, हेच करत असतो. लोंबकळणारा भाग, उघडे राहिलेले दार, चाकाला चिकटलेले ब्रेक किंवा तापलेला अॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) यांपैकी काहीही आढळले नाही, तरच हिरवी झेंडी दाखवून लोको पायलट आणि गार्ड यांच्याशी ‘ऑल राइट’ करायचे. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडात अजून गार्डच बसलेला आहे.)

माझे स्टेशन वऱ्हाडात, कोळशाच्या वाटेवर आहे. ५८ उघड्या वाघिणींची रेक, म्हणजे जोडलेली रांग, आणि पुढे वॅग-९ जातीचे ६,१२० अश्वशक्तीचे विजेचे इंजिन, हे आता आमचे ठरलेले दृश्य झाले आहे. चित्तरंजन, वाराणसी आणि पतियाळा या तिन्ही कारखान्यांतून हेच इंजिन बाहेर पडते. एके काळी डिझेल बनवणाऱ्या वाराणसी आणि पतियाळालाही आता हेच काम आहे, त्यामुळे रुळांवर एकसारखेपणा आला तर नवल नाही. पूर्वी मात्र इंजिनांची देखभाल करणारी प्रत्येक शेड त्यांच्यावर आपापल्या हौसेने पट्टे ओढत असे. कुठे निळ्यावर मलई रंगाचा पट्टा, कुठे लालवर पिवळा, आणि कुठे पुढच्या तोंडावर मिशीसारखी नक्षी असायची. स्टेशनाआधीच्या डिस्टंट सिग्नलजवळ इंजिन दिसले की आकडा वाचण्याआधीच ते कोणत्या शेडचे आहे, हे आम्ही सांगत असू. त्या माहितीचा उपयोग नव्हता असे वरिष्ठ म्हणतात. आमच्या लेखी मात्र तो होता, कारण कोणत्या शेडचे इंजिन घाटात किंवा पावसाळ्यात रुसते, हे क्रूकडून ऐकलेले असे.

त्या दुपारी एका सुपरफास्टला पुढे काढायचे होते, म्हणून अप मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली. वॅग-९च्या मागे एक मृत, म्हणजे नुसते ओढून नेले जाणारे, इंजिन जोडलेले होते. ते वॅग-५ या जुन्या जातीचे होते. १९८४ पासून बनू लागलेली, ३,८५० अश्वशक्तीची ही इंजिने आता वयोमर्यादेमुळे एकामागून एक सेवेतून काढली जात आहेत. याच्या हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांखालून जुना तांबडा थर दिसत होता. कॅबखालचे शेडचे नाव हाताने रंगवलेले, वळणदार अक्षरांतले होते. आजकाल ही नावे स्टेन्सिलने उमटवतात आणि ती सगळीकडे सारखीच दिसतात. मी ते नाव वाचण्यात रमलो होतो, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

नावावरून नजर सहज खाली आली. वॅग-५ची बोगी, म्हणजे खालची चाकांची चौकट, जुन्या अॅल्को डिझेल इंजिनांसारखी, तीन अॅक्सलांची आणि त्यांत असमान अंतर असलेली असते. या इंजिनाच्या अॅक्सल बॉक्सची, म्हणजे अॅक्सलाच्या टोकाचे बेअरिंग ज्यात असते त्या पेटीची, झाकणे शेडमधल्या कुणा हौशी माणसाने पिवळी रंगवली होती. त्यांपैकी पहिली दोन पिवळी होती. तिसरे तपकिरी पडले होते आणि त्याच्या रंगावर फोड आले होते. धूर त्यानंतर दिसला, तोही उदबत्तीएवढाच. वास जळक्या ग्रीसचा होता. ब्रेक चिकटले असते तर तापलेल्या लोखंडाचा वास आला असता आणि चाकाची कड निळसर दिसली असती. हा फरक पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो. तो नाकात बसायला नोकरीची पहिली काही वर्षे जातात.

गाडी थांबत होतीच. वॉकीटॉकीवर लोको पायलटला आणि फोनवर कंट्रोलला, म्हणजे गाड्यांच्या वाहतुकीच्या नियंत्रण कक्षाला, कळवले. कंट्रोलने पहिला प्रश्न विचारला, तो लूप किती वेळ अडणार याचा. यथावकाश ते इंजिन तोडून हॉट अॅक्सल सायडिंगमध्ये, म्हणजे अशा तापलेल्या गाड्यांसाठीच्या बाजूच्या रुळावर, ढकलले आणि मालगाडी पुढे गेली. नंतर आलेल्या फिटरने बेअरिंग उघडून पाहिले आणि असेच आणखी काही स्टेशने नेले असते तर जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे अॅक्सलाचे टोक, टिकले नसते, एवढेच तो म्हणाला.

माझ्या नावे ‘सतर्कतेबद्दल’ प्रशस्तिपत्रक निघाले, आणि तेव्हापासून मी या प्रसंगाचा विचार करतो आहे. पॉइंट्समन त्याच दिवशी म्हणाला होता, “मास्तर, तुम्ही रंगच पाहून रायले होते, म्हणून घावलं.” त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. रोजच्यासारखे ठरावीक रंगाचे इंजिन असते, तर माझी नजर रोजच्या वेगाने त्यावरून सरकली असती; आणि ते झाकण काळे किंवा करडे असते, तर उन्हात त्यावरचे फोड मला दिसले असते का, हेही मी ठामपणे सांगू शकत नाही.

आमचे एक निरीक्षक तपासणीला आले असता हे त्यांच्या कानावर घातले. त्यांचे मत असे, की मास्तरने नजर रुळापासून चाकाच्या उंचीपर्यंतच ठेवावी, वरचा रंग बघणे हा फोटो काढत फिरणाऱ्या पोरांचा उद्योग आहे, आणि आता रुळांलगत तापमान मोजणारी यंत्रेही बसू लागली आहेत. यंत्रांबद्दल माझी तक्रार नाही. ती थकत नाहीत. पण दोन यंत्रांच्या मधल्या अंतरात फलाटावर माणूसच उभा असतो, आणि दिवसभर एकच रंग पाहणाऱ्या माणसाचे डोळे उघडे असूनही बघेनासे होतात, हे मी सहकाऱ्यांत पाहिले आहे. झाकणे पिवळीच ठेवावीत, असे सुरक्षा बैठकीसाठी एका ओळीत लिहून दिले. रंगाची निवड शेडच्या अखत्यारीत येते, असे उत्तर आले. नव्याने रुजू झालेल्या मुलांना मात्र मी इंजिन वरून खाली बघायला शिकवतो आहे.